रक्त परत येतं तेव्हा

आधी एक कोडं. आतड्याच्या दोन सारख्या तुकड्यांचा रक्तपुरवठा आवळून अगदी कमी केला. एकाचा सलग चार तास. दुसऱ्याचा तीन तास, आणि चौथ्या तासाला पकड सैल करून रक्त पुन्हा खेळू दिलं. चार तासांनी दोन्ही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर जास्त नासलेला कोणता दिसेल?

उपासाचा हिशेब लावला तर उत्तर पहिला तुकडा. पण १९८६ मध्ये पार्क्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी मांजराच्या लहान आतड्यावर ही तुलना केली, तेव्हा आतल्या अस्तराची नासाडी दुसऱ्या तुकड्यात जास्त निघाली. रक्त परत आल्यावरचा तो एक तास, रक्ताविना काढलेल्या तासापेक्षा महागात पडला होता.

डॉक्टर याला ‘रीपर्फ्यूजन इंज्युरी’ म्हणतात. आपण पुनर्प्रवाहाची इजा म्हणू. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हा प्रश्न रोजचा आहे, कारण सर्जनला रक्त थांबवल्याशिवाय कितीतरी कामं करताच येत नाहीत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीला टूर्निकेट आवळतात आणि साधारण दोन तासांच्या आत ते सोडायचं असं पाळतात. यकृताचा भाग कापताना तिकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही वापरात आहे, आणि बरेच सर्जन पंधरा मिनिटं दाबून पाच मिनिटं सोडतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत महाधमनीलाच चिमटा लागतो. प्रत्यारोपणात तर अवयव काही तास शरीराबाहेरच असतो. या प्रत्येक ठिकाणी शेवटी चिमटा निघतो, रक्त आत शिरतं, आणि टेबलाभोवतीची माणसं मॉनिटरकडे बघू लागतात.

एक गैरसमज लगेच दूर करतो. रक्त परत येऊच देऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. रक्त आलं नाही तर तो भाग मरणारच. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा मरत जातो, हे रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. तुंबलेली धमनी जितकी लवकर उघडाल तितका स्नायू वाचतो. प्रश्न एवढाच, की वाचवायला आलेलं रक्त येताना आणखी काय घेऊन येतं.

आता पेशीच्या आत जाऊ. पेशीचा सगळा व्यवहार एटीपी नावाच्या नाण्यात चालतो. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे तीसेक एटीपी हाती लागतात. नसेल तर फक्त दोन. हृदयाच्या पेशीजवळची एटीपीची शिल्लक तर सेकंदांत मोजावी इतकी तुटपुंजी. म्हणजे रक्त थांबलं की दुकान लगेच उधारीवर. पहिला फटका पेशीच्या भिंतीतल्या पंपांना बसतो. सोडियम बाहेर फेकत राहणं हे त्यांचं काम. पंप मंदावले की सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी येतं, पेशी फुगते. ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडल्याने आम्लता वाढते. आम्ल बाहेर काढायला पेशी सोडियम आत घेते आणि साचलेलं सोडियम बाहेर काढायला कॅल्शियम आत घेते. एक कर्ज फेडायला दुसरं काढणाऱ्यासारखी तिची गत होते.

हे साचलेलं आम्ल काही काळ पेशीचं रक्षण करतं, ही यातली मजेदार गोष्ट. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीचं ऊर्जाकेंद्र. तिच्या आतल्या पडद्यात एक झडप असते. ती सताड उघडली तर ऊर्जाकेंद्र फुगून निकामी होतं, आणि मग पेशीला वाचवणं कठीण. आम्लता या झडपेला बंद ठेवते. रक्त आलं की आम्ल काही मिनिटांत धुऊन जातं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बरं झालं, घाण गेली. पण झडपेवरचा हातही त्याच क्षणी सुटतो, आणि नेमकं तेव्हाच पेशीत कॅल्शियम तुडुंब भरलेलं असतं.

ऑक्सिजनची गोष्ट आणखी विचित्र. १९७३ मध्ये डेव्हिड हर्स आणि सहकाऱ्यांनी उंदराचं हृदय शरीराबाहेर काढून, नळीतून द्रव सोडून जिवंत ठेवलं. (ऑस्कर लँगेनडॉर्फ यांची ही पद्धत १८९५ मधली, आणि अजून ती जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. इतकं जुनं यंत्र इतकी वर्षं टिकतं, ते सोपं असतं म्हणूनच.) त्या हृदयाचा ऑक्सिजन तोडला आणि काही वेळाने एकदम परत दिला. परत देताक्षणी स्नायूपेशींतली एन्झाइम्स धो धो बाहेर पडू लागली, म्हणजे पेशी फुटू लागल्या. पेशीला हवा होता ऑक्सिजनच, आणि फुटली ती ऑक्सिजन मिळाल्यावर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

हे का होतं, याचं एक चांगलं उत्तर यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. तंतुकणिकेत इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे सरकतात. आग लागल्यावर लोक रांग करून बादल्या पुढे देतात, तसंच काहीसं. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो बादली घेतो आणि त्यातून पाणी तयार होतं. ऑक्सिजन नाहीसा झाला की रांग तुंबते. या तुंबलेल्या काळात सक्सिनेट नावाचा पदार्थ पेशीत साचत जातो, असं २०१४ मध्ये चौचानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. सक्सिनेट हे एरवीचं, नेहमीचं इंधन. पण ऑक्सिजन परत येताच साचलेला ढीग एकदम पेट घेतो. इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी होते, की काही इलेक्ट्रॉन रांगेत उलटे, मागच्या प्रथिनाकडे ढकलले जातात. तिथे ते भलत्याच जागी ऑक्सिजनला चिकटतात आणि त्यातून तयार होतात सुपरऑक्साइडसारखे रेणू, जे समोर येईल त्याला पोळतात: मेद, प्रथिनं, डीएनए. हा भडका पहिल्या काही मिनिटांतला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

आणि हे फक्त पेशीच्या आतलं. बाहेर, नव्याने उघडलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना पांढऱ्या पेशी येऊन चिकटतात. जंतूंशी लढायला जे रसायन त्या सोडतात तेच इथे सोडतात, जंतू नसताना. केशवाहिन्या सुजतात, तुंबतात. म्हणून कधी कधी मोठी धमनी एक्स-रेच्या चित्रात स्वच्छ उघडी दिसते आणि तरी स्नायूत रक्त पोचत नाही.

सगळ्या शरीरावर याचा काय परिणाम होऊ शकतो, हे युद्धाने दाखवलं. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी काही रुग्णांची नोंद केली. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हातपाय चिरडून अडकलेली ही माणसं. बाहेर काढली तेव्हा ठीकठाक वाटत होती. मग रक्तदाब घसरला, लघवी कमी होत गेली, आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. दबलेल्या स्नायूत अडकून पडलेलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन, दगड हलवल्यावर रक्तातून सगळीकडे पसरतं. आज भूकंपात बचावपथकं शक्य असेल तिथे दबलेला पाय मोकळा करण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करतात, ते यामुळे.

मग यावर इलाज काय? इथून गोष्ट रंगते, आणि थोडी फजितीचीही होते.

१९८६ हेच साल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाची एक धमनी चाळीस मिनिटं बंद केली. दुसऱ्या गटात त्याआधी तीच धमनी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद केली आणि मध्ये पाच-पाच मिनिटं उघडली. साधा तर्क सांगतो, आधीच चारदा छळलेला स्नायू जास्त मरेल. निघालं उलटंच. मेलेल्या स्नायूचा भाग पहिल्या गटाच्या जेमतेम एक चतुर्थांश होता. छोट्या छोट्या उपासांनी स्नायू मोठ्या उपासाला तयार झाला होता. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. पुढे अनेक प्रयोगशाळांत आणि अनेक प्राण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसलं, आणि या क्षेत्रात असं भाग्य फार थोड्या निष्कर्षांना लाभतं.

त्याच शोधनिबंधातला दुसरा निष्कर्ष लोक विसरतात. धमनी चाळीस मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली, तर तयारी केलेल्या आणि न केलेल्या हृदयांत काहीच फरक उरला नाही. म्हणजे प्रीकंडिशनिंग मरण टाळत नाही, पुढे ढकलतं. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांच्या अपेक्षाभंगाचं अर्धं बीज या एका वाक्यात होतं.

मग १९९३ मध्ये प्रझिक्लेंक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हृदयाच्या एका धमनीला दिलेले झटके शेजारच्या, अजिबात न छेडलेल्या भागालाही वाचवतात. तिथून पुढची उडी अशी: हृदयाला हात कशाला लावायचा? दंडाला रक्तदाब मोजायचा कफ बांधा. पाच मिनिटं फुगवा, पाच मिनिटं सोडा, असं तीन-चार वेळा. हाताला थोडा उपास, वाचणार हृदय. औषध नाही, सुई नाही, खर्च जवळपास शून्य. २००७ मध्ये बायपास होणाऱ्या ५७ रुग्णांवर हे करून पाहिलं, तर रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, ४३ टक्क्यांनी कमी निघालं. इतकं स्वस्त आणि इतकं छान काही दिसलं की कोणाचाही जीव भाळणारच.

२०१५ च्या ऑक्टोबरात हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी हाच कफ बांधून पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच अंकात छापून आले. ब्रिटनमधली एरिका, १६१२ रुग्णांची. जर्मनीतली रिपहार्ट, जवळपास १४०० रुग्णांची. दोन्हींत कफ कोणाला खरा आणि कोणाला खोटा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. एरिकामध्ये वर्षभरात मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा पुन्हा धमनी उघडण्याची वेळ, यांपैकी काही तरी झालेले रुग्ण खऱ्या कफच्या गटात २६.५ टक्के, खोट्याच्या गटात २७.७ टक्के. रिपहार्टमध्ये रुग्णालयातून घरी जाईपर्यंतच मोजलं, तिथे १४.३ आणि १४.६. हा फरक योगायोगाने पडण्याइतकाच होता. २०१९ मध्ये झटका येऊन दाखल झालेल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांवर हेच तपासलं. तिथेही फायदा दिसला नाही.

सायक्लोस्पोरिनचं असंच झालं. तंतुकणिकेतली ती झडप बंद ठेवणारं हे औषध. २००८ मध्ये झटका आलेल्या ५८ रुग्णांत मेलेल्या स्नायूचं प्रमाण कमी दिसलं. २०१५ मध्ये ९७० रुग्णांत मृत्यू, हृदय निकामी होणं वगैरे मोजलं, तर औषधाच्या गटात ५९ टक्के आणि नुसत्या द्रवाच्या गटात ५८.१.

इथे अनेक जण म्हणतात, प्राण्यांवरचे प्रयोगच निरुपयोगी. हे मला पटत नाही. कोणत्या पायरीवर काय मोजलं होतं, ते पाहायला हवं.

पेशींची तबकडी नायट्रोजन भरलेल्या डब्यात ठेवून ऑक्सिजन काढून घेता येतो. तिथे झडप, कॅल्शियम, सक्सिनेट सगळं एकेक करून तपासता येतं. पण तबकडीत पांढऱ्या पेशी नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, आणि एरवी त्या पेशींना खुल्या हवेतला ऑक्सिजन मिळत असतो, शरीरातल्या ऊतीत असतो त्याच्या कितीतरी पट. नळीवर टांगलेल्या हृदयात ठोके आहेत, पण रक्त नाही. जिवंत प्राण्यात सगळं आहे, पण तो प्राणी बहुधा तरुण, निरोगी, एकही गोळी न घेणारा. बायपासला येणारा माणूस साठी-सत्तरीचा, त्याला मधुमेह, रक्तदाब, स्टॅटिन चालू. छातीत अधूनमधून दुखत असेल तर त्याच्या हृदयाने स्वतःच प्रीकंडिशनिंग करून घेतलेलं असू शकतं. टेबलावर त्याला भूल दिली जाते, आणि भुलीची औषधंही या खेळात ढवळाढवळ करतात: वास देऊन द्यायची काही औषधं हृदयाला स्वतःच थोडं संरक्षण देतात, तर शिरेतून द्यायचं प्रोपोफॉल कफचा परिणाम पुसून टाकत असावं अशी शंका घेतली जाते. त्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोपोफॉल सर्रास वापरलं होतं.

पण सगळं भुलीवर ढकलणं मला पळवाट वाटते. त्याहून साधं कारण म्हणजे ट्रोपोनिन कमी होणं आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायपासनंतर माणसं दगावतात ती रक्तस्रावाने, जंतुसंसर्गाने, मूत्रपिंडामुळे, पक्षाघातानेही. हृदयातली थोडी जास्त स्नायूपेशी वाचली म्हणून यातलं कोणतं टळणार? शिवाय ५७ रुग्णांच्या चाचण्यांत चांगले आकडे चटकन छापले जातात आणि वाईट आकडे टेबलाच्या खणात राहतात.

मुख्य मेख तर याहून आधीची आहे. बायपासच्या या रुग्णांचं हृदय असुरक्षित नव्हतंच. ते आधीच वाचवलेलं होतं, आणि तेही याच शाखेतल्या जुन्या, ढोबळ उपायांनी.

हृदयावर काम करायचं तर ते थांबवावं लागतं. १९५५ मध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियमचा द्रव सोडून हृदय थांबवण्याची पद्धत मांडली. कल्पना उत्तम, मात्रा फार कडक. स्नायू जळल्याच्या नोंदी आल्या आणि काही वर्षांत पद्धत मागे पडली. सत्तरच्या दशकात, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वगैरे, तीच कल्पना सौम्य मात्रेत परत आली. तिथल्या द्रवामागे तेच हर्स होते, ऑक्सिजनचा विरोधाभास दाखवणारे. थांबलेलं हृदय एटीपी खर्च करत नाही. थंड केलं तर आणखी कमी. तापमान दहा अंशांनी उतरलं की पेशीचा खर्च निम्म्यावर किंवा त्याखाली येतो, असा ढोबळ हिशेब आहे. या एका उपायाने कॅल्शियम, सोडियम, झडप, सक्सिनेट सगळ्यांनाच एकत्र लगाम बसतो. सायक्लोस्पोरिन एका झडपेवर हात ठेवतं. थंडी घरातला सगळाच कारभार मंदावते.

प्रत्यारोपणातही तेच. फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात ऐंशीच्या दशकात एक द्रव तयार केला. त्यात पोटॅशियम पेशीच्या आत असतं तितकं, आणि असे मोठे रेणू, जे आत शिरत नाहीत आणि पाणीही आत ओढू देत नाहीत. थंड पेशी फुगू नये, एवढाच मुख्य हेतू. त्याआधी काढलेलं यकृत काही मोजक्या तासांत बसवावं लागे. हा द्रव आल्यावर ती मुदत कितीतरी वाढली. रात्री दोनला सुरू होणारी शस्त्रक्रिया सकाळवर ढकलता आली, हा फायदा शोधनिबंधात लिहीत नसले तरी सर्जनना विचारून पाहा.

अलीकडे बर्फाच्या पेटीऐवजी यंत्र येतंय. २०१८ मध्ये छापलेल्या युरोपातल्या एका चाचणीत यकृत शरीराच्या तापमानाला, रक्त आणि ऑक्सिजन खेळवत ठेवलं. २२० प्रत्यारोपणं झाली. एन्झाइम्सवरून मोजलेली इजा निम्म्याने कमी, फेकून द्यावी लागलेली यकृतंही निम्म्याने कमी. वर्षभराने यकृत टिकण्यात मात्र फरक नव्हता. कफची गोष्ट ताजी असताना हे वाचलं की कपाळावर आठी येतेच. तरी फेकलं जाणारं यकृत वापरता येणं हा फायदा यादीत ताटकळणाऱ्यासाठी छोटा नाही, आणि तो एन्झाइमच्या आकड्यात मावत नाही.

मला जास्त आवडलेली चाचणी २०२१ मधली आहे. दात्याचं हृदय थांबल्यावर काढलेल्या यकृतांचा त्यात विचार होता. ही नाजूक असतात, कारण थंड होण्याआधीच त्यांनी उबदार उपास सोसलेला असतो. बसवल्यावर काही महिन्यांत त्यांच्या पित्तनलिका आकसतात, वारंवार कावीळ आणि संसर्ग होतो, कधी दुसरं यकृत लागतं. या चाचणीत यकृत नेहमीसारखं बर्फात आणलं, आणि बसवण्याआधी किमान दोन तास त्यातून थंड, ऑक्सिजन भरलेला द्रव फिरवला. सहा महिन्यांत नलिका आकसून त्रास झालेले रुग्ण नुसत्या बर्फाच्या गटात १८ टक्के. यंत्राच्या गटात ६. इथे एन्झाइम मोजलेलं नाही. माणसाला होणारा त्रास मोजलेला आहे.

सक्सिनेटच्या ढिगाकडे परत या, म्हणजे यामागचं मानलं जाणारं कारण लक्षात येईल. उबेत ऑक्सिजन एकदम मिळाला तर ढीग भडकतो. थंडीत मिळाला तर तो संथपणे जळत जातो, एटीपीची शिल्लक थोडी भरून निघते, आणि मग ते यकृत गरम रक्ताला भेटतं. भडक्याची ती पहिली काही मिनिटं टळत नाहीत, पण ती शरीराबाहेर, थंडीत आणि दोन तासांवर पसरून काढली जातात. हृदयविकाराच्या रुग्णाला हे करता येत नाही, कारण तो येतो तेव्हा घड्याळ त्याच्या हातात नसतं, डॉक्टरच्याही नसतं. यकृत टेबलावर पडलेलं असतं, नळ्या जोडलेल्या असतात, आणि ते दोन तास कोणीतरी शेजारी बसून दाब आणि तापमान बघत असतं.